वर्गात संघर्ष शिकताना 'बायस बाजूला ठेवा' म्हणजे नेमकं करायचं काय?

खडूधूळ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीच. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. या सत्रात संघर्षाचा अभ्यास असं एक प्रकरण आहे, एक संघर्ष निवडायचा आणि पाच-सहा तास त्यावर घालवायचे. मी इस्रायल-पॅलेस्टाईन घेतलं. (हो, माहितीये. स्टाफरूममध्येही सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता.) पहिल्या तासाला नेहमीचं भाषण ठोकलं, की बाबांनो आपापली मतं दाराबाहेर काढून ठेवा, इथे आपण अभ्यासक आहोत, कोणाचे वकील नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं. मग एक साधं काम दिलं, हा संघर्ष कधी सुरू झाला तेवढं साल चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालू नका.

चिठ्ठ्या उघडल्या तर १९१७, १९४७, १९४८, १९६७, २०२३, आणि एका पठ्ठ्याने 'तीन हजार वर्षांपूर्वी'. आता यातलं कुठलंच साल खोटं नाही हो. १९१७ ला बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा), १९४७ ला युनोचा फाळणीचा ठराव, १९६७ ला सहा दिवसांचं युद्ध आणि वेस्ट बँक, गाझा इस्रायलच्या ताब्यात, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचा हल्ला. पण साल बघून कोण कुठे झुकलंय ते मला जवळजवळ ओळखता येत होतं. जिथून गोष्ट सुरू केली तिथे पहिला दगड कोणी मारला तेही ठरून जातं ना. फक्त १९४८ वाल्यांचा अंदाज येईना, कारण ते साल दोघांचंही आहे, एकाचा (इस्रायलचा) स्वातंत्र्यदिन आणि दुसऱ्याचा नकबा म्हणजे महासंकट, सात लाखांवर माणसं घरदार सोडून गेली तो. म्हणजे मतं दाराबाहेर ठेवून आलेल्या पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत, एकही मत न मांडता, मतं मांडून दाखवली.

इथवर गंमतच होती. पुढचं सांगायला जरा लाज वाटते. पहिलं लेखी काम तपासलं, दहापैकी गुण. दोन पोरांनी अगदी सारखी चूक केली होती, सगळा युक्तिवाद एकाच बाजूच्या आकड्यांवर उभा आणि दुसऱ्या बाजूचा पुरावा एका ओळीत उरकलेला. एकाला मी साडेसात दिले होते, शेरा 'मुद्देसूद'. दुसऱ्याला पाच, शेरा 'एकांगी'. रात्री गुण वहीत चढवताना दोन्ही पेपर योगायोगाने शेजारी आले आणि माझा हात थांबला. मुद्देसूद पोरगा माझ्या मताचा होता, बस, एवढाच फरक. आता दोन्ही पेपरांवर सहा आहेत आणि दोन्हींवर 'एकांगी'.

तर विचारायचंय हे, की बायस बाजूला ठेवा असं सांगून काही होत नसेल तर करायचं काय? कोणी असं काही शिकवलं किंवा शिकलं असेल, आणि एखाद्या गोष्टीने खरंच फरक पडला असेल, तर तेवढं सांगा. कोण बरोबर हा धागा नाही, त्यासाठी इथे आधीच सतरा धागे आहेत.

आळसोबा

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचतो.

शंकासुर

धागा प्रामाणिक आहे म्हणून लिहितोय, नाहीतर या विषयाकडे फिरकलो नसतो.

मुळात बायस बाजूला ठेवता येतो हेच मला मान्य नाही. तो काय चप्पल आहे का दाराबाहेर काढून ठेवायला? आणि जे म्हणतात ना की आम्ही एकदम न्यूट्रल, ते सगळ्यात धोकादायक, कारण त्यांना स्वतःचा चष्मा दिसतच नाही. पोरांना सरळ सांगा की प्रत्येकाची बाजू असते, आपापली मांडा, भांडा, घंटा झाली की घरी जा. तुम्ही गुण बदललेत हे चांगलं केलंत पण पुढच्या पेपरला परत तेच होणार.

नीरक्षीर

शंकासुर, अर्धं पटलं. पण 'ठेवता येत नाही' म्हणून सोडून द्यायची गरज नाही, यावर बऱ्यापैकी काम झालंय आणि ते खडूधूळ यांच्या प्रश्नाला थेट लागू पडतं.

१९७९ साली लॉर्ड, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डला एक प्रयोग केला. फाशीच्या शिक्षेच्या बाजूची काही पोरं घेतली, विरोधातली तितकीच. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, दोन्ही प्रयोगासाठी रचलेले, एकात फाशीने गुन्हे घटतात असं आणि दुसऱ्यात घटत नाहीत असं. आपल्याला वाटेल दोन्ही बाजूचं वाचल्यावर मतं जरा मधे सरकतील. झालं उलटं. प्रत्येकाला आपल्या सोयीचा अभ्यास भक्कम वाटला, गैरसोयीच्या अभ्यासात ढीगभर चुका सापडल्या, आणि शेवटी जो तो आधीपेक्षा जास्त कट्टर.

खरी मजा पुढच्या प्रयोगात आहे, १९८४ चा, लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन. या वेळी एका गटाला बजावून सांगितलं की न्यायाधीशासारखे निःपक्षपाती राहा. म्हणजे तुमचं पहिल्या तासाचं भाषण. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला निःपक्षपाती व्हा वगैरे काही म्हटलंच नाही, फक्त एक काम सांगितलं. वाचताना पावलोपावली स्वतःला विचारा की हाच अभ्यास, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलटा आला असता तर मी तो असाच तोलला असता का? त्या गटात कट्टरपणा वाढला नाही.

म्हणजे हेतू सगळ्यांचा चांगलाच होता, हेतूला हातात काहीतरी काम लागतं. तुमच्या पेपर तपासणीत हेच करून बघा. गुण द्यायच्या आधी विचारा की हेच पान समोरच्या बाजूने लिहिलं असतं तर किती दिले असते? दोन आकड्यांत फरक आला की पेन खाली.

शंकासुर, तुम्ही म्हणता ते 'भांडा आणि घरी जा' १९७९ च्या प्रयोगासारखंच आहे. पोरं जास्त पक्की होऊन घरी जातील.

गुगली

म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणातपण स्वतःला विचारायचं, हेच वाक्य मी बोललो असतो तर चाललं असतं का? करून बघतो. धाग्यावर परत आलो नाही तर समजून जा.

खडूधूळ

नीरक्षीर, हे सोनं आहे. आज चार पेपर असे तपासले. वेळ दुप्पट लागतो. चारपैकी एकात पेन खरंच खाली ठेवावा लागला. :(

जुनापुराणा

नसते लाड चाललेत. आमच्या वेळी सर तारखा सांगायचे, कलमं सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो, बायस आणायला जागाच नव्हती. तथ्यं शिकवा, मतं आपोआप गप्प बसतात.

तळटीप

जुनापुराणा काका, तथ्यंच शिकवू, पण कुठल्या सालातली?

उत्तर आयर्लंड, डेरी शहर (नावातच भांडण आहे, एका बाजूला डेरी, दुसऱ्या बाजूला लंडनडेरी, तुम्ही कुठलं म्हणता यावरून समोरचा तुम्हाला जोखतो). ३० जानेवारी १९७२. खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या विरोधात नागरी हक्कांचा मोर्चा, त्यावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. एप्रिल १९७२ मध्ये लॉर्ड विजरी यांचा सरकारी चौकशी अहवाल आला, त्याने सैनिकांना बऱ्याच अंशी निर्दोष ठरवलं. म्हणजे १९७३ ला तुमच्या सरांनी हे 'फक्त तथ्यं' म्हणून शिकवलं असतं तर वहीत काय उतरलं असतं? अधिकृत अहवाल, छापील, न्यायाधीशाच्या सहीचा. मग १९९८ ला नवी चौकशी नेमली, लॉर्ड सॅव्हिल यांची, आणि तिचा अहवाल १५ जून २०१० ला आला. निष्कर्ष असा की मेलेल्यांपैकी आणि जखमींपैकी कोणापासूनच जिवाला धोका नव्हता. त्याच दिवशी पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षं.

मी हे शिकवताना दोन्ही अहवालांतले परिच्छेद तारखा झाकून देतो आणि विचारतो की यातला सरकारी कुठला. पोरं बेधडक पहिल्यावर बोट ठेवतात. दोन्ही सरकारीच आहेत. तिथे वर्ग पहिल्यांदा शांत होतो, आणि कोणीतरी विचारतं की सर मग १९७२ ला ज्यांना हे आधीपासून माहिती होतं ते लोक कुठे होते? ते तिथेच होते, मोर्चात होते, त्यांच्या सांगण्याला वजन दिलं नव्हतं.

जुनापुराणा

बरं. हे माहिती नव्हतं.

तिरकीरेघ

मी भाषांतराचं काम करते, बातम्यांचंही बरंच केलंय, म्हणून भाषेच्या बाजूने लिहिते कारण माझ्या मते बायस मतात कमी आणि क्रियापदात जास्त सापडतो.

मराठीत एक फार सोयीची रचना आहे, 'गोळीबार झाला'. पाऊस झाला तसा गोळीबार झाला. कोणी केला? माहिती नाही, झाला. 'चकमक उडाली'. 'हिंसाचार उसळला'. आणि आता बघा, आपली माणसं असली की ती 'धारातीर्थी पडतात', 'हुतात्मा होतात'. समोरची असली की त्यांना 'कंठस्नान घातलं', 'खात्मा केला', 'टिपलं'. ज्यांच्याशी देणंघेणं नाही ती 'ठार झाली' किंवा नुसतीच 'मृतांचा आकडा' होतात. तीन माणसं, एकच गोळी. आपण हल्ला केला तर 'प्रत्युत्तर', त्यांनी केला तर 'आगळीक'. अतिरेकी, बंडखोर, क्रांतिकारक हे तर विचारूच नका. १८५७ ला इंग्रजांनी बंड म्हटलं, आपण स्वातंत्र्यसमर म्हणतो, आणि दोन्हीकडच्या पोरांना आपापला शब्द हेच वर्णन वाटतं.

एक करता येईल. कुठलीही बातमी घ्या, त्यातली फक्त क्रियापदं फळ्यावर डावी-उजवीकडे लिहा, डावीकडे 'अ' बाजू जे जे करते ते आणि उजवीकडे 'ब'. बाकी मजकूर पुसून टाका. एका बाजूला 'केलं, मारलं, घुसले' आणि दुसऱ्या बाजूला 'झालं, घडलं, करावं लागलं' असं दिसलं की पोरांना वेगळं सांगायला लागत नाही. 'करावं लागलं' वर तर माझा विशेष राग आहे.

अवांतर, पण तुमचाच विषय. १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेने ठराव २४२ केला, २२ नोव्हेंबर १९६७. त्यात इस्रायली सैन्याने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी असं आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज' च्या आधी 'द' नाही, त्यामुळे एक बाजू म्हणते सगळे प्रदेश असं कुठे म्हटलंय, काही सोडले तरी चालेल. फ्रेंच मसुद्यातल्या 'दे' चा अर्थ 'त्या सगळ्या प्रदेशांतून' असा घेता येतो, दुसरी बाजू तो दाखवते. इतकी वर्षं वाद चाललाय एका 'द' वरून. आता हे मराठीत आणा. मराठीत 'द' नाहीच! 'व्याप्त प्रदेशांतून' लिहिलं की वाद गायब आणि 'सर्व व्याप्त प्रदेशांतून' लिहिलं की भाषांतरकाराने निकाल देऊन टाकला. मी एकदा 'सर्व' घातलं होतं. वाक्य छान वाटतं म्हणून. कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि हेच मला जास्त खटकतं.

आळसोबा

वाचलं सगळं. तिरकीरेघ +१. आता पेपर वाचायची पंचाईत करून ठेवलीत.

काठावरची

लिहू की नको करत होते.

माझा या विषयाशी संबंध पुस्तकी नाही. आमच्या घरातलं एक माणूस एका संघर्षात गेलंय, कुठल्या ते लिहीत नाही. कॉलेजात असताना आमच्या एका सरांनी नेमका तोच संघर्ष शिकवायला घेतला आणि भूमिकांचा खेळ ठेवला, चिठ्ठ्या टाकल्या, आणि मला समोरच्या बाजूची चिठ्ठी आली. मी म्हणाले सर बदलून द्या. सर म्हणाले अगं हाच तर मुद्दा आहे, बायस बाजूला ठेवून बोलायचं. मी उभी राहिले, तीन मिनिटं बोलले, चांगलं बोलले बहुतेक कारण टाळ्या पडल्या. त्यानंतर आठवडाभर कॉलेजला गेले नाही. घरी कोणाला सांगितलं नाही की मी आज काय बोलून आले. त्यातून मी काय शिकले म्हणाल तर काहीही नाही, एवढंच कळलं की मला खोटं छान बोलता येतं.

पुढे दोन वर्षांनी एका बाईंनी मला त्याच बाजूच्या सैनिकांनी घरी पाठवलेली काही पत्रं दिली, भाषांतरित. म्हणाल्या यावर बोलायचं नाही, लिहायचं नाही, फक्त पत्रात घरच्यांकडे काय मागितलंय त्याची यादी कर. मी यादी केली. मोजे. बॅटरीचे सेल. धाकट्या भावाचा निकाल कळवा. एकाने तीन पत्रांत तीनदा चष्म्याचा नंबर लिहिला होता, घरून चष्मा आलाच नव्हता बहुतेक. मला कोणाची बाजू घ्यावी लागली नाही, कोणाला माफ करावं लागलं नाही, मोजे एवढंच लिहायचं होतं. त्या चष्म्याचं पुढे काय झालं असेल हे मात्र माझ्या डोक्यात अजून येतं.

तर खडूधूळ, तुमच्या वर्गात असं कोणी असू शकतं आणि ते हात वर करून सांगणार नाही. ज्याला बाकी वर्ग बायस म्हणतो ती त्याच्याकडची माहिती असते. ती दाराबाहेर ठेवायला सांगू नका एवढंच.

खडूधूळ

काठावरची, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी पुढच्या आठवड्यात भूमिकांचा खेळच ठेवला होता. चिठ्ठ्यासुद्धा करून झाल्या होत्या. रद्द केला.

शंकासुर

काठावरची, लिहिलंत हे बरं केलंत.

पण मूळ मुद्द्यावर माझी एक शंका शिल्लक आहे आणि ती जरा गंभीर आहे. हे सगळं करता करता मास्तर लोक एका नव्या खड्ड्यात पडतात, दोन्ही बाजू पन्नास-पन्नास टक्के. बायस घालवायचा म्हणून बरोब्बर मधोमध जाऊन उभं राहायचं. बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा, जुलै १९९५, आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. हेगच्या न्यायाधिकरणाने त्याला वंशसंहार म्हटलं, २००७ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही म्हटलं. आता यावर 'झाला की नाही, दोन्ही बाजूंनी मांडा' असा वर्ग घेणार का? मग तो उलटा प्रश्न, ते दोन रकाने, कशाकशाला लावायचं आणि कुठे थांबायचं?

नीरक्षीर

रास्त प्रश्न. याचं एक बऱ्यापैकी उत्तर जर्मनांनी काढून ठेवलंय. १९७६ साली बॉयटेल्सबाख नावाच्या गावात राज्यशास्त्र शिकवणारी वेगवेगळ्या राजकीय मतांची मंडळी बसली आणि त्यातून काही तत्त्वं निघाली, आजही तिकडे ती पाळतात. एक म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्यावर आपलं मत लादून त्याची स्वतःची मत बनवायची वाट अडवायची नाही. दुसरं, जे अभ्यासात आणि राजकारणात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच आलं पाहिजे. तिसरं, विद्यार्थ्याला परिस्थितीत स्वतःचं हित काय ते ओळखता आलं पाहिजे.

दुसरं तत्त्व उलटं करून वाचा. जे पुराव्याने मिटलंय ते वर्गात वादग्रस्त असल्याचं नाटक करायची गरज नाही. स्रेब्रेनित्सात माणसं मारली गेली का हा वाद नाही. युनोने सुरक्षित घोषित केलेल्या जागी हे घडू कसं दिलं, कोणाला काय माहिती होतं, हे अजूनही विचारण्यासारखं आहे. मधोमध उभं राहणं हीसुद्धा एक जागाच आहे आणि तिलाही पुरावा मागायचा.

बाकी 'हे माध्यम एकांगी आहे' असं पोरं म्हणतात त्यावर एक सांगून थांबतो. १९८२ च्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांतल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या लोकांना दाखवल्या, १९८५ ला निबंध छापून आला. त्याच बातम्या, आणि दोन्ही गटांना त्या आपल्याच विरोधात वाटल्या. तेव्हा 'मला हे एकांगी वाटतं' हे वर्गात आलं की त्याला पुरावा न धरता प्रश्न धरायचा. कुठलं वाक्य, कुठला शब्द, काय गाळलं? बोट ठेवता आलं पाहिजे.

शंकासुर

हे चालेल. माघार घेतो. पूर्ण नाही, पाऊण.

गुगली

माझा नंबर कधी येणार? परीक्षेला हा विषय आहे मला. पेपरात 'चर्चा करा' असं आलं की मी स्वतःचं मत लिहायचं की नाही? सर म्हणतात मत नको, पेपर सेट करणारे म्हणतात टीकात्मक परीक्षण करा. मत नसलेली टीका कशी करतात देव जाणे.

तळटीप

गुगली, मत लिही की, कोण अडवतंय? फक्त त्याआधी समोरच्या बाजूचं म्हणणं असं लिही की त्या बाजूचा माणूस वाचून म्हणाला पाहिजे हो, हेच म्हणायचंय मला. मग तुझं मत, आणि कुठला पुरावा आला तर तू ते बदलशील तेही एका वाक्यात. हे शेवटचं वाक्य सुचलं नाही तर ते मत पेपरात लिहू नकोस, धाग्यावर लिही.

खडूधूळ, तुमच्यासाठी एक. तुमच्याच संघर्षावर सामी अदवान हे पॅलेस्टिनी आणि दान बार-ऑन हे इस्रायली अशा दोन प्राध्यापकांनी दोन्हीकडच्या शाळाशिक्षकांना एकत्र बसवून पाठ्यपुस्तिका करून घेतल्या होत्या, दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनींचा उठाव) चालू असताना. पानावर एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन, आणि मधे कोरी जागा, विद्यार्थ्याने लिहायला. दोन्ही मिळून एकच कथन करण्याच्या भरीला ते पडले नाहीत. मला त्यातली ती कोरी जागा सगळ्यात आवडते. तुमच्या वर्गातून ती भरून घ्या.

पावसाळीढग

वाखुसा (वाचनखूण साठवली). एकच प्रश्न, सुरुवात एकदम इतक्या तापलेल्या विषयाने का करता? आधी असा संघर्ष घ्या ना ज्यात वर्गातल्या कोणाचंच काही अडकलेलं नाही. सवय होईल, मग गरम घ्या.

खडूधूळ

पावसाळीढग, हे वाचलं आणि तसंच केलं. बाकीच्यांनी सुचवलेलंही एकेक करून पाहिलं, आता हिशोब देते, तीन आठवडे झाले मधे.

एक तास फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धाला दिला. किंवा माल्व्हिनास, कुठल्या बाजूने बघाल तसं. माझ्या वर्गात कोणाचाही चुलता ना ब्रिटनचा ना अर्जेंटिनाचा. २ मे १९८२ ची घटना घेतली, ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची जनरल बेल्ग्रानो ही युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं गेली, आणि नौका ब्रिटनने जाहीर केलेल्या दोनशे सागरी मैलांच्या प्रवेशबंदी क्षेत्राच्या बाहेर होती. अर्ध्या वर्गाला एवढंच लिहून दिलं, देशांची नावं काढून. उरलेल्या अर्ध्याला तोच कागद पण पाच शब्द जास्त, 'लष्करी हुकूमशाही असलेल्या देशाची युद्धनौका'. हेही खरंच आहे, तेव्हा तिथे लष्करशाही होती आणि बेटांवर आधी सैन्य त्यांनीच उतरवलं होतं. पहिल्या अर्ध्यातल्या बहुतेकांनी लिहिलं की क्षेत्राबाहेर असताना मारलं कसं? दुसऱ्या अर्ध्यातल्या बहुतेकांनी लिहिलं की युद्ध म्हटलं की असं होणारच. मग कागद एकमेकांत बदलायला लावले. गोंधळ! एक मुलगी उठून म्हणाली मॅडम तुम्ही फसवलंत. म्हटलं शब्द खोटा आहे का? म्हणाली नाही. म्हटलं मग? बराच वेळ विचार करून म्हणाली, आमच्याही कागदावर हवा होता, नाहीतर दोन्हीकडे नको होता. मला हे उत्तर माझ्या सगळ्या भाषणापेक्षा आवडलं.

मग मूळ विषयाकडे आलो. तिरकीरेघ, तुमचा क्रियापदांचा खेळ दोन बातम्यांवर केला, एक इकडे झुकलेली, एक तिकडे. पोरं इतकी पेटली की दुसऱ्या दिवशी स्वतः बातम्या कापून आणल्या. 'करावं लागलं' आता वर्गात शिवी झालीये, कोणी उशिरा आलं आणि म्हणालं बस चुकली की मागून आवाज येतो, 'उशीर करावा लागला'.

तीन रकाने १९४८ वर घेतले, मधला कोरा. चार-पाच जणांनी मधे 'दोन्ही बाजू चुकल्या' लिहून मोकळं केलं, ते परत दिलं, शंकासुर तुमचं नाव न घेता तुमचा मुद्दा सांगितला. एकाने मधे फक्त प्रश्न लिहिले, नऊ. त्यातला एक 'गावं रिकामी झाली असं दोन्हीकडे नीट दिसतच नाही, एकीकडे रिकामी झाली आणि दुसरीकडे रिकामी केली आहे, हे कशावरून तपासायचं?' आता यावर इतिहासकारांची आयुष्यं गेलीयेत, इस्रायली लष्कराचे कागद खुले झाल्यावर तिथल्याच काही इतिहासकारांनी जुनी मांडणी बदलली, तेवढं सांगितलं आणि पुढच्या तासाला कागद आणते म्हटलं.

काठावरची, भूमिकांचा खेळ परत आणला नाही. त्याऐवजी सगळ्यांना बंद पाकीट दिलंय, आत चिठ्ठी. या संघर्षात मी कुठे झुकतोय आणि का, घरातून, बातम्यांतून, धर्मातून, मित्रांतून, जे असेल ते. मी उघडणार नाही, वर्गात वाचायचं नाही, ज्याला लिहायचं नाही त्याने कोरा कागद घालावा. सत्र संपताना स्वतःचं पाकीट स्वतः उघडायचं. एकीने पाकीट घेतलं आणि नंतर येऊन विचारलं, घरी ठेवलं तर चालेल का. चालेल म्हटलं. का ते विचारलं नाही.

नीरक्षीर

सुंदर. एक चौकशी. तुमचं पाकीट?

खडूधूळ

मी शिक्षक आहे हो, मी कशाला.

काठावरची

:)

गुगली

हेच वाक्य पोराने म्हटलं असतं तर चाललं असतं का मॅडम? (शिकलो इथेच.)

शंकासुर

गुगलीचा पहिला कामाचा प्रतिसाद. नोंद घ्यावी.

खडूधूळ

बरं बरं. काल पोरांनीही हेच विचारलं, टेबलावर एक कोरं पाकीट ठेवून गेली, वर माझं नाव, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील अक्षरात.

रात्री लिहायला बसले. पहिली चिठ्ठी लिहिली तर ती चिठ्ठी कमी आणि लेक्चर जास्त झालं, ठराव २४२ पण आला त्यात. फाडली. दुसरीत सगळं 'दोन्ही बाजूंचं दुःख समजतं' असं, तीही फाडली, शंकासुर हसले असते. तिसरीत मी कुठे झुकते ते खरं लिहिलं आणि 'का' पाशी अडकले. वीस वर्षं वाचतेय या विषयावर, पुस्तकांची नावं पटापट आठवली, पण झुकले ती पुस्तकं वाचायच्या आधीच, शाळेत असताना टीव्हीवर बघितलेल्या एका चित्रावरून, आणि ते चित्र कुठल्या सालचं, कोणी काढलेलं, मला आत्ता सांगता येत नाहीये.

तिसरी फाडली नाही. टेबलावर आहे. 'का' ची ओळ भरली की पाकिटात घालते.